तोंडातील व्रण आणि खिशातील हिशेब

कर्करोग म्हटला की शरीराच्या आत, दृष्टीआड, गुपचूप वाढणाऱ्या शत्रूची प्रतिमा आपल्या मनात उभी राहते. यकृत, स्वादुपिंड, फुप्फुस या अवयवांच्या बाबतीत ती बरीचशी यथार्थही आहे. परंतु आपल्या देशातील पुरुषांना सर्वाधिक प्रमाणात होणारा कर्करोग या वर्णनात मुळीच बसत नाही. तो तोंडाचा कर्करोग होय. गालाच्या आतल्या बाजूस, हिरडीच्या काठावर, जिभेच्या कडेला तो उगवतो. आरशासमोर उभे राहून तोंड उघडले तर रोग्याला तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसू शकतो, बोटाला लागू शकतो. असे असूनही भारतातील बहुसंख्य रोगी रुग्णालयाची पायरी चढतात ते रोग तिसऱ्या-चौथ्या अवस्थेला पोहोचल्यावर. जो रोग सर्वांत आधी दिसावा तोच उशिरा पाहिला जावा, या विसंगतीचा उलगडा एकट्या वैद्यकशास्त्राला करता येणार नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात तोंड घालण्याचे धाडस केले आहे, ते यासाठीच.

प्रथम आकडे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ८९ हजार नवे रोगी आढळले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार भारतातील होते. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास. या रोगात मात्र तो एक तृतीयांशाहून अधिक. त्याच वर्षी भारतात या रोगाने सुमारे ८० हजार माणसे दगावली. यात घसा, स्वरयंत्र आणि ग्रसनी यांचे कर्करोग मिळवलेले नाहीत. ते मिळवून जो गट होतो त्याला वैद्यक ‘डोके व मान यांचे कर्करोग’ म्हणते. मेंदूचा कर्करोग त्यात येत नाही, हे येथेच सांगितलेले बरे, कारण तसा गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो.

या गटाचा भूगोल मोठा बोलका आहे. दक्षिण चीनमध्ये नाकामागच्या पोकळीचा, म्हणजे नासाग्रसनीचा कर्करोग अधिक. त्यामागे एपस्टाइन-बार नावाचा विषाणू असतो. अमेरिका व उत्तर युरोप येथे टॉन्सिल आणि जिभेचे मूळ येथील कर्करोग गेल्या काही दशकांत वाढले. त्यांचे कारण मानवी पॅपिलोमा विषाणू, आणि त्यातही त्याचा सोळावा प्रकार. आपल्याकडे मात्र गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खोबण हे या रोगाचे माहेरघर. कारण उघड आहे. तंबाखू मळून, चुना लावून, तिचा बार भरला जातो तो नेमका याच जागी. गोळी जेथे दाबून ठेवावी तेथेच, बहुधा त्याच बाजूला, व्रण उठतो. रोगाच्या नकाशावर सवयीचा नकाशा इतका हुबेहूब बसल्याचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

हे ज्ञान आजचे नव्हे. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे डॉल आणि हिल यांचे प्रसिद्ध संशोधन १९५० सालचे. पण त्रावणकोरातील विडा खाणारे आणि तोंडाचा कर्करोग यांविषयीचा ऑर यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९३३ सालीच छापून आला होता. मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखा विकृतिशास्त्रज्ञ तेथे कामाला लागला. संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आकडेवारीनिशी मांडला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने पुणे जिल्ह्यातील १ लाख १ हजार ७६१ ग्रामस्थांची तोंडे प्रत्यक्ष उघडून तपासली. ते निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. एवढ्या वाड्या-वस्त्यांतून, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन फिरलेल्या त्या मंडळींचे नाव आज कोणाच्या ओठी नाही. आमच्याकडे संशोधन होत नाही असे आपण सरसकट म्हणतो. या क्षेत्रापुरते तरी हे म्हणणे अन्यायाचे आहे. संशोधन झाले, ते वाचले गेले नाही.

स्त्रिया यातून सुटलेल्या नाहीत. आपल्या खेड्यांत सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने मिश्री लावण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तंबाखू भाजून केलेली ती पूड आहे, दंतमंजन नव्हे. पण ती लावणाऱ्या बाईला ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असे विचारले तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. पाहणी करणाऱ्याने प्रश्न कसा विचारावा याचा हा धडाच होय. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत होते. त्यात ओढणारे अवघे ३.८ टक्के, तर चघळणारे, लावणारे, दाबून ठेवणारे २४.४ टक्के. धूम्रपानविरोधी फलक इंग्रजी चित्रांवरून उतरवून आपण भिंतींवर रंगवतो. त्यावरची जळती सिगारेट आपल्या मुख्य दुखण्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही.

आता तोंडाच्या आत काय घडते ते पाहू. गालाचे अस्तर हे चपट्या पेशींच्या थरांचे असते. खालच्या थरातील पेशी सतत विभागतात, वर सरकतात, झिजतात आणि गळून पडतात. प्रत्येक विभाजनाच्या वेळी पेशीला आपल्या जनुकांची प्रत उतरवावी लागते, आणि नक्कलनवीस कितीही दक्ष असला तरी प्रत उतरवताना चुका होतात. पेशीत त्या दुरुस्त करणारी यंत्रणा आहे. दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला विभाजनापासून रोखणारे, प्रसंगी तिला मृत्यू पत्करायला लावणारे ‘पी-५३’ नावाचे प्रथिनही आहे. तंबाखूतील नायट्रोसअमाइन ही द्रव्ये जनुकांना चिकटून चुकांचे प्रमाण वाढवतात. सुपारीत अरेकोलीन आहे. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटीन झपाट्याने रक्तात शिरते आणि सुपारीतील घटकांपासून पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. वर्षानुवर्षे हा मारा चालू राहिला की केव्हा तरी घाव पी-५३ च्या जनुकावरच बसतो. पहारेकरीच पडल्यावर बाकीच्या चुका बिनबोभाट साठत जातात. मद्य जोडीला असेल तर धोक्याची केवळ बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

पाश्चात्त्यांकडील विषाणूजन्य प्रकार याच पहारेकऱ्याला वेगळ्या वाटेने निकालात काढतो. तेथे जनुक शाबूत असते. विषाणूचे एक प्रथिन पी-५३ नष्ट करवते, दुसरे वाढीवरचा आणखी एक लगाम सोडवते. वरून दोन्ही गाठी सारख्याच दिसतात, पण उपचारांना त्यांचा प्रतिसाद फार वेगळा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात घशाच्या कर्करोगाचे विषाणूजन्य रोगी तीन वर्षांनंतर ८२ टक्के हयात होते, विषाणूविरहित ५७ टक्के. तिकडच्या उत्साहवर्धक आकड्यांवरून आपल्या रोग्याचे भाकीत करू नये, ते याचमुळे. गाल-हिरडीच्या कर्करोगातील जनुकीय बिघाडांची स्वतंत्र यादी भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केली; कल्याणी येथील संस्था आणि नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्राची प्रयोगशाळा यांचे ते संयुक्त काम होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तंबाखूचा रस तोंडभर फिरतो. म्हणून बिघाडही एका ठिपक्यापुरता राहत नाही. डॉक्टर स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले, की गाठीच्या आसपासची वरवर निरोगी दिसणारी त्वचाही पुष्कळदा बिघडलेली असते. एका शेतात तण माजले आणि ते उपटले, तरी बी साऱ्या शिवारात पडलेले असते. एक कर्करोग बरा झालेल्या माणसाच्या तोंडात काही वर्षांनी दुसरा उद्भवतो तो यामुळे. आणि शस्त्रक्रियेनंतर तंबाखू चालू ठेवणे म्हणजे त्या शिवाराला पुन्हा पाणी देणे होय.

योगायोगाने त्याच १९५३ साली मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानी यांचा एक विकार वर्णन केला. अस्तराखाली तंतुमय ऊती साठते, गाल लाकडासारखे कडक होतात, तिखट सहन होत नाही आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते. आदल्या वर्षी श्वार्ट्‌झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांत हाच विकार नोंदवला होता. सुपारी हे त्याचे मुख्य कारण. यावर कायमचा उपाय नाही. आणि केरळातील अशा रोग्यांचा सतरा वर्षे पाठपुरावा करणाऱ्या, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांपैकी ७.६ टक्के रोग्यांना कर्करोग झाला. तंबाखूविरहित सुपारीला निरुपद्रवी समजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८५ साली तंबाखूयुक्त विड्याला कर्ककारक ठरवले, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात तंबाखू नसलेला विडा व नुसती सुपारी यांनाही त्याच पंक्तीत बसवले. आपल्या घरात सुपारी हा पूजेच्या तबकातला, लग्नाच्या बोलण्यातला, पाहुण्यांपुढे ठेवायचा पदार्थ. धोक्याची सूचना अशा पदार्थावर छापायची कशी, हा प्रश्न छापखान्याचा नाही. गुटखा आणि पानमसाला यांच्या उत्पादकांनी या पावित्र्याचा फायदा पुरेपूर उठवला; १९७० नंतरच्या दशकांत पानदानातील सवय पुडीत आली आणि पुडी शाळेच्या दप्तरात गेली. विडा खाणारा माणूस पूर्वी बहुधा प्रौढ असे. तोंड न उघडणारा विशीतला विद्यार्थी ही पुडीची देणगी आहे. तोंडी परीक्षेत असा एखादा मुलगा ओठ जेमतेम विलग करून उत्तरे देतो, आणि आपल्याला वाटते तो लाजाळू आहे.

उपचारांकडे वळू. तोंडाच्या कर्करोगात पहिले स्थान आजही शस्त्रक्रियेचे आहे. गाठ भोवतालच्या निरोगी काठासह काढायची, जबड्याचे हाड बाधित असेल तर तेही काढायचे, आणि मानेतील लसिकाग्रंथी तपासून स्वच्छ करायच्या. मान का, असे कोणी विचारील. तर तोंडातून निघालेल्या चुकार पेशींचा पहिला मुक्काम मानेतील या ग्रंथींत पडतो, आणि तेथे गाठ आली की रोगी वाचण्याची शक्यता जवळजवळ निम्म्याने घटते. मानेतील ग्रंथी समूळ काढण्याची पद्धत क्राइल यांनी १९०६ साली मांडली. तथापि, मानेत गाठ लागत नसताना, निव्वळ खबरदारी म्हणून, सुरुवातीलाच ही शस्त्रक्रिया करावी की गाठ येण्याची वाट पाहावी, हा वाद जगभर दशकानुदशके चालला. तो मिटवला परळने. टाटा स्मारक रुग्णालयात २००४ पासून दहा वर्षे रोग्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून हा प्रयोग झाला, डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. पहिल्या ५०० रोग्यांपैकी ज्यांची मान आधीच साफ केली त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते; वाट पाहिलेल्या गटातले ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांवर ही शस्त्रक्रिया केली तर एक मृत्यू टळतो. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. असलेले कौशल्य वेळेवर वापरायचे एवढेच. लंडन-न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक आज ज्या पुराव्याकडे बोट दाखवतात तो आपल्या कोल्हापूर-सोलापूरच्या, बिहार-बंगालच्या रोग्यांच्या शरीरांवरून मिळालेला आहे.

जबडा काढल्यावर माणसाचे रूप जाते, गिळणे जाते, ही भीती रोग्याला उपचारापासून पळवून लावते. ती पूर्वी खोटी नव्हती. १९७९ साली छातीवरील स्नायू त्वचेसह फिरवून तोंडातील पोकळी भरण्याची रीत आली आणि पायाच्या नळीजवळचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह उचलून त्याचा जबडा घडवण्याचे तंत्र १९८९ नंतर रुळले. सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरभर रुंदीच्या वाहिन्या टाके घालून जोडाव्या लागतात; आठ-दहा तासांचे काम असते. स्वरयंत्राची गोष्टही अशीच. बिलरोथ यांनी १८७३ साली पहिल्यांदा कर्करोगाने ग्रासलेले संपूर्ण स्वरयंत्र काढले. १९९१ साली अमेरिकेतील एका प्रयोगाने दाखवले की औषध आणि किरण यांच्या साहाय्याने सुमारे दोन तृतीयांश रोग्यांचे स्वरयंत्र वाचवता येते आणि आयुष्य त्यामुळे कमी होत नाही. शिक्षकाच्या दृष्टीने या दोन वाक्यांतील अंतर किती मोठे आहे, हे सांगायला नको.

रोग पुढे गेलेला असेल तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावे लागतात: आठवड्याचे पाच दिवस, सहा ते सात आठवडे, रोज काही मिनिटे. किरण पेशीच्या जनुकांचे धागे तोडतात. निरोगी पेशी ते रात्रीतून बव्हंशी सांधतात, कर्कपेशींना ते तितके साधत नाही. मात्रा लहान हप्त्यांत देण्याचे हे इंगित. सिसप्लाटिन हे प्लॅटिनमयुक्त औषध सोबत दिले तर परिणाम वाढतो. त्रासही वाढतो: तोंड सोलवटते, अन्न जात नाही, लाळ आटते. किरण गाठीच्या आकारात वळवणाऱ्या नव्या यंत्रांनी हा त्रास पुष्कळ कमी केला आहे. २०११ सालच्या ब्रिटिश अभ्यासात वर्षभरानंतर तोंड कोरडे राहण्याचे प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, नव्या पद्धतीत ३८ टक्के आढळले.

पण येथे अर्थशास्त्राच्या माणसाला किरणांपेक्षा ‘सात आठवडे’ हे शब्द अधिक टोचतात. उपचार काही मिनिटांचा असला तरी त्यासाठी नांदेडच्या किंवा बुलढाण्याच्या शेतमजुराला, सोबत घरच्या एका माणसाला घेऊन, दीड-पावणेदोन महिने मोठ्या शहरात राहावे लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर भाग्य. नाही तर पदपथ. दोन माणसांची मजुरी बुडते, पेरणी चुकते, मुलीची शाळा सुटते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, किरण आणि औषधे यांचे बिल भागू शकते, आणि ही मोठीच गोष्ट आहे. २०१२ पूर्वी ते बिल शेत विकूनच भागवले जाई. मात्र बुडालेल्या मजुरीचे बिल कोणत्याही रुग्णालयात फाटत नाही, म्हणून ते कोणत्याही योजनेत बसत नाही. उपचार अर्ध्यावर टाकून गावी परतलेल्या रोग्याला आपण अडाणी म्हणतो. त्याने मनाशी मांडलेला हिशेब बहुधा आपल्यापेक्षा काटेकोर असतो.

नव्या औषधांची कथा याच हिशेबाची पुढची ओळ आहे. कर्कपेशी शरीराच्या रक्षक पेशींना एक खूण दाखवून गाफील ठेवतात. ती खूण झाकणारी औषधे निघाली, आणि त्यामागील मूलभूत शोधासाठी ॲलिसन व होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोके-मानेच्या परत उलटलेल्या कर्करोगात निवोलुमॅब या औषधाचा उपयोग २०१६ साली सिद्ध झाला. परंतु नियमित मात्रेत हे औषध घेणे गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील शंभरांपैकी फार तर एक ते तीन गरजूंना शक्य होते. टाटा स्मारकातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी मग वेगळाच प्रश्न विचारला: एवढी मात्रा लागतेच कशाला? प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम दिली, म्हणजे त्याच कालावधीत सुमारे अठरावा हिस्सा, आणि जोडीला गोळ्यांच्या रूपात देता येणारी स्वस्त जुनी औषधे. १५१ रोग्यांच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली आले. केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर १६.३ टक्के हयात होते. अल्पमात्रेची भर घातलेल्या गटात ४३.४ टक्के. पूर्ण मात्रेशी ही थेट तुलना नव्हती, हे नमूद केले पाहिजे. तरीही या प्रयोगाचे मोल मोठे आहे. कारण औषध कमी वापरूनही चालते का, हे शोधून काढण्यात औषध विकणाऱ्याला कसलेच स्वारस्य नसते. बाजार ज्या प्रश्नाची किंमत शून्य धरतो तो सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थेनेच विचारायचा असतो. सार्वजनिक क्षेत्रावर दुगाण्या झाडण्याची फॅशन आमच्या विषयात आली त्यालाही आता तीन दशके उलटली. टीकाकारांनी परळची ही नोंद पाठ्यपुस्तकात घालावी.

इतके सारे असूनही मूळ विसंगती उरतेच: रोगी उशिरा का येतो? आमच्या परिचयातील एका ज्येष्ठ लिपिकाची हकीगत प्रातिनिधिक ठरावी. गालात व्रण होता, दुखत नव्हता. दुखत नाही म्हणून त्यांनी तीन महिने लक्ष दिले नाही. मग दात हलू लागला. तो एका दंतवैद्याने काढला, जखम भरेना म्हणून प्रतिजैविके दिली, आणखी दोन महिने गेले. घरी कर्करोग हा शब्द उच्चारायची चोरी. शेवटी मानेत गाठ आली तेव्हा निदान झाले. यात दुष्ट कोणीच नाही. सुरुवातीचा कर्करोग दुखत नाही, आणि दुखणे हीच आपली आजाराची व्याख्या. या एका गोष्टीने सहा महिने खाल्ले. ही किंमत पैशांतही मोजता येते. टाटा स्मारकातच झालेल्या एका अभ्यासानुसार प्राथमिक अवस्थेतील तोंडाच्या कर्करोगाच्या उपचाराचा खर्च माणशी सुमारे १ लाख १७ हजार रुपये, तर वाढलेल्या अवस्थेत सुमारे २ लाख ३ हजार. आणि महाग उपचाराला यश कमी. जास्त पैसे देऊन कमी माल घेण्याचा हा व्यवहार आपण राष्ट्रीय पातळीवर वर्षानुवर्षे करीत आहोत.

लवकर शोधण्याचा मार्ग माहीत नाही अशातला भाग नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुमारे १ लाख ९२ हजार लोकांवर एक प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, पुरेशा उजेडात, लोकांची तोंडे नुसती डोळ्यांनी तपासली. २००५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा मद्य वापरणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. केंद्र सरकारने २०१६ साली तिशीवरील सर्वांची तोंडतपासणी करण्याची मार्गदर्शक सूत्रे काढली. त्यानंतर २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया ०.९ टक्के आणि पुरुष १.२ टक्के आढळले.

बंदीचे काय, असे वाचक विचारतील. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून गुटख्यावर बंदी घातली. राज्याला तो अधिकार नाही असे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे नवा अन्नसुरक्षा कायदा आला आणि जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटखा व पानमसाला यांवर पुन्हा बंदी घातली. हा आदेश वर्षावर्षाने नव्याने काढावा लागतो. पुडी मिळते कोठून, हे विचारण्याची गरज नाही. कोणत्याही बसस्थानकामागे तिची रिकामी पाकिटे पाहावीत. प्रस्तुत लेखकाचा कल बंदीपेक्षा कराकडे आहे, पण तोही सोपा नाही. २०१७-१८ साली तंबाखूमुळे झालेल्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा आर्थिक भार १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपये होता असे एका अभ्यासाने काढले. अबकारी कराच्या दर शंभर रुपयांमागे समाजाला ८१६ रुपयांची झळ बसते, असा त्याचा हिशेब. मात्र कर मिळतो तिजोरीला आणि झळ लागते घराला. ज्याच्या खात्यात जमा पडते आणि ज्याच्या खात्यात नावे पडते ते दोघे वेगळे असले की हिशेब कधीच जुळत नाही. शिवाय त्या पलीकडे निपाणीचा तंबाखू उत्पादक आहे, ज्याने १९८१ साली रास्त भावासाठी महामार्ग अडवला होता. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बाया आहेत, श्रीवर्धनचा सुपारीबागवाला आहे. त्यांना पर्यायी पीक व पर्यायी मजुरी देण्याचा खर्च आपल्या कोणत्याही तंबाखूविरोधी भाषणात धरलेला नसतो. तो धरला तरी रोगाच्या खर्चापुढे तो किरकोळ ठरेल, असे आमचे मत आहे.

तोवर, शाळा-महाविद्यालये आणि कचेऱ्या यांना उद्यापासून करता येण्याजोगे काम एकच आहे, आणि त्याला अनुदान लागत नाही. उजेडात तोंड उघडून पाहावे. मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावतात का ते पाहावे. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कारणावाचून हललेला दात, तीन आठवडे बसलेला आवाज, मानेतील न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही आढळले तर मुंबई, नागपूर वा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात, किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवावे; आणि दात काढून घेण्यापूर्वी त्या जागेचा लहानसा तुकडा तपासणीस पाठवा, असे डॉक्टरांना स्वतःहून म्हणावे.